मराठी उपासना बंद करायची का? शास्त्र काय म्हणतं?

घंटेवाला (धागाकर्ता)

जय ख्रिस्त, मंडळी. (आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्च. इथले बरेच वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे ज्याला जो अर्थ लागेल तो त्यानं घ्यावा.)

आमचं चर्च बेळगाव शहराच्या कडेला आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. दर रविवारी दोन उपासना असतात, आठला मराठी आणि साडेनऊला कन्नड. मराठीला बावीस-पंचवीस डोकी, त्यातली निम्मी साठी ओलांडलेली. कन्नडला शंभराच्या आसपास. बेळगावात हे दोन भाषांचं प्रकरण जुनंच आहे. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बल्लारीहून इथे आले. १९०४ मध्ये त्या मिशननं इथलं काम मेथडिस्टांच्या हवाली केलं. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मिशन बदललं, राज्य बदललं, पण आमची आठची घंटा माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. आता ती मी वाजवतो, म्हणून हे टोपणनाव.

उपवासकाळाआधी कमिटीत विषय निघाला की नऊ वाजता एकच संयुक्त उपासना करावी. बहुतेक कन्नड, त्यात एक मराठी गीत आणि एक मराठी वाचन. कारणं खोटी नाहीत. पाळकसाहेब एकटे, आमच्यानंतर त्यांना दोन खेड्यांतल्या मंडळ्यांना जायचं असतं. ते बिदरकडचे आहेत. हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणून बिचारे मराठी उपासनाही निभावतात. माणूस सरळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चार रविवार प्रयोग करून बघू, असं ठरलं.

पहिल्या रविवारी साहेबांनी घोषणा केली, "कीर्तनेगळु इप्पत्तमूरु." माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या बायबलची पानं सुटतात म्हणून वर रबर लावलेलं असतं. रबर काढून मनगटात अडकवत त्या म्हणाल्या, "कीर्तन? आज कीर्तन हाय व्हय?" म्हटलं, मावशी, स्तोत्रसंहिता, तेवीसावं स्तोत्र. त्यांनी ते काढेपर्यंत वाचन संपत आलं होतं. मग प्रार्थनेच्या शेवटी साहेब म्हणाले, "देवरिगे स्तोत्र." म्हणजे देवाची स्तुती असो. मावशींनी पुन्हा बायबल उघडलं. "कितवं?"

मला हसू आलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या रविवारची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. विधवा फंडातून आमच्याकडे अकरा बायकांना महिन्याला पाचशे रुपये जातात. ते पाकिटाऐवजी खात्यावर भरायचं ठरलं होतं. पासबुक आणि आधारची झेरॉक्स गुरुवारपर्यंत द्या, अशी नोटीस मी सेक्रेटरी म्हणून वाचली. कन्नडमध्ये वाचली. उपासना लांबली होती, बाहेर चहाचा थर्मास आला होता. "मराठीत नंतर सांगतो" म्हणालो आणि विसरलो. गुरुवारी नऊ जणींचे कागद आले, नऊ नावांची यादी बँकेत गेली. राहिलेल्या दोघी मराठी उपासनेतल्या. त्यातली एक ही मावशी. पुढचा महिना गेला तरी त्यांनी विचारलं नाही. सव्वा महिन्यानं मीच विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "मी विचारलो न्हाई रे. म्हटलो, चर्चलाच अडचण असंल."

आता येत्या रविवारी कमिटी निर्णय घेणार. गेल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी वचनांची फेकाफेक झाली. एकानं बाबेल (देवानं माणसांच्या भाषांचा गोंधळ केला तो बुरूज) काढलं, दुसऱ्यानं 'सर्वांनी एक व्हावं' ही योहान १७ मधली प्रभूची प्रार्थना. मला वचनांचं वजन करता येत नाही. जाणकारांनी सांगा, शास्त्राच्या दृष्टीनं उपासना एक असावी की दोन?

निपाणीकर

सरळ उत्तर आहे, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात. कृत्ये २. पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्ट) शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा पार्थी, मेदी, एलामी सगळ्यांनी आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. देवाला सगळ्यांना एकच भाषा शिकवता आली असती, त्यानं तसं केलं नाही. मराठी उपासना राहिलीच पाहिजे. आज उपासना गेली की उद्या चर्चवरची पाटी जाईल, आणि पाटीचं राजकारण आपल्या भागात काय असतं ते मी सांगायला नको. ८६५ गावांचा...

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर इथे आधीच चार धागे चालू आहेत. तो भाग तिकडे लिहावा. वरच्या प्रतिसादाचा उरलेला मजकूर काढला आहे.

अर्धा_कानडी

माझी आई कन्नड, वडील मराठी. घरी दोन्ही भाषांत शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

निपाणीकर, कृत्ये २ मध्ये लोक एकाच ठिकाणी उभे होते की. आठला पार्थी आणि साडेनऊला मेदी असं नव्हतं. तुमचं वचन संयुक्तवाल्यांनाही तितकंच चालतं.

माझ्या मते लागू पडतं ते १ करिंथ १४. मंडळीत न समजणाऱ्या भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बरे, असं पौल म्हणतो. आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं गप्प बसावं, हेही तिथेच आहे. तिथला विषय अन्य भाषांच्या कृपादानाचा (आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषेत बोलण्याचा) आहे, कन्नड-मराठीचा नाही, पण कसोटी तीच. ऐकणाऱ्याची उन्नती होते का? तेव्हा संयुक्त ठेवा, पण दुभाषी ठेवा.

कॅम्पातली_आक्का

दुभाषी! आमच्याकडे दोन वर्षं केलंय ते. पंचवीस मिनिटांचा संदेश पन्नास मिनिटांचा होतो. पाळक एक वाक्य बोलतात, थांबतात. दुभाषी ते सांगतो, तोवर पाळकांचा धागा सुटलेला. विनोद केला की कन्नड बाजू आधी हसते, मराठी बाजू नंतर. एकदा आमच्या दुभाष्यानं काय करावं? "त्यांनी एक विनोद केलाय, सगळ्यांनी हसा" म्हणाला. तेवढ्याला मात्र सगळे एकदम हसले.

नहेम्याचा_भिंतवाला

मूळ दुखणं घरात आहे. मुलांना मराठी शिकवलीच नाही तर आठच्या उपासनेला येणार कोण? नहेम्या १३ वाचा (यरुशलेमची भिंत पुन्हा बांधणारा यहूदी अधिकारी). निम्मी मुलं अश्दोदी बोलत होती, यहूदी भाषा त्यांना येत नव्हती. नहेम्याला केवढा संताप आला बघा. आज पालकांना तसंच कोणीतरी खडसावायला पाहिजे.

टिळकवाडी_०२

काका, ती अश्दोदी मुलं म्हणजे मीच. घरी मराठी, शाळा इंग्रजी मीडियम, दुसरी भाषा कन्नड. मराठी बोलते फाडफाड, पण बायबलमधली मराठी वाचताना बोट ठेवून वाचते. मोबाईलवर इंग्रजी लावून शेजारी मराठी उघडते.

आणि वचन अर्धंच दिलंत तुम्ही. पुढच्याच ओळीत नहेम्यानं त्या लोकांना शाप दिले, काहींना मारलं, त्यांचे केस उपटले. तेही लागू करायचं का? शिवाय त्याचा मुद्दा परक्या देवांच्या मागे नेणाऱ्या लग्नांचा होता. पुढे शलमोनाचं उदाहरण त्यासाठीच दिलंय. कन्नड चर्चमध्ये येशूच आहे, काका.

त्याच पुस्तकात ८ वा अध्याय आहे. एज्रा नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ सांगतात, सगळ्यांना कळेल असा. तो पुढे करा. आमच्यासारख्यांच्या शेजारी कोणीतरी बसून अर्थ सांगितला तर आम्ही आठलाही येऊ. (आठ फार लवकर आहे, हे वेगळं.)

निवृत्त_मास्तर

चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घंटेवाल्यांनी विचारलेला प्रश्न आणि त्यांनी सांगितलेली हकिकत वेगवेगळ्या आहेत. प्रश्न उपासना एक की दोन याचा. हकिकत यादीतून गळलेल्या दोन विधवांची. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांनी प्रश्न उचलला. बायबलमध्ये त्या हकिकतीचा अख्खा अध्याय आहे, त्याला कोणी हात लावला नाही.

कृत्ये ६. शिष्यांची संख्या वाढत होती तेव्हा हेल्लेणी लोकांनी इब्री लोकांविरुद्ध कुरकुर केली, कारण रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. हेल्लेणी म्हणजे परके नव्हेत. तेही यहूदीच, ख्रिस्तावर विश्वास ठेवलेले, फक्त बोलणं ग्रीक. दुसरे अरामी बोलणारे. म्हणजे एक मंडळी, एक विश्वास, भाषा दोन, आणि तक्रार भाकरीची. पन्नासाव्या दिवसाचा तो चमत्कार होऊन फार काळ लोटला नव्हता, तरी हे झालं. कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं ते झाकलेलं नाही.

प्रेषितांनी काय केलं ते नीट बघा. 'कुरकुर करू नका, आपण सगळे एक आहोत' असं ते म्हणाले नाहीत. उपासना किती वाजता असावी यावर बैठकही घेतली नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटणीचं काम त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं मोठ्यानं वाचा. स्तेफन, फिलिप, नीकानोर, तीमोन... सगळी ग्रीक. शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्मानं यहूदीही नव्हे. ग्रीक नावाचा प्रत्येक जण ग्रीक बोलणाराच असेल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, यहूद्यांत ग्रीक नावं चालत होती. पण सातही नावं तशीच असावीत हा योगायोग मला पटत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती पातेलं आणि पळी दिली.

तुमच्या कमिटीत फंडाची यादी कोण करतं, घंटेवाले? आणि ज्या दोघी गळल्या त्यांच्या बाजूचं त्यात कोण आहे?

निपाणीकर

मास्तर, साष्टांग. आपण ख्रिस्ती लोक साष्टांग घालत नाही, पण घातला असं समजा.

हिशेबनीस

मी घंटेवाल्यांच्या मंडळीत नाही, पण आमच्या चर्चचा फंड बघतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. विधवांच्या यादीचे नियम खुद्द पौलानं घालून दिलेत. १ तीमथ्य ५. वय साठच्या आत नसावं. मुलं-नातवंडं असतील तर आधी त्यांनी सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारणाऱ्यासारखा आहे, इतकं कडक लिहिलंय. आमच्याकडे मुलगा पुण्यात कंपनीत, सून नोकरीला आणि आई इथे फंडाच्या रांगेत, अशा तीन केसेस आहेत. कागद मागितले की लगेच 'दुर्लक्ष' म्हणायचं का? पाकिटांचा हिशेब कधीच लागत नाही, खात्यावर पैसे भरणं योग्यच आहे.

घंटेवाला

हिशेबनीस, खात्यावर भरायला माझाही विरोध नाही. ठराव मीच मांडला होता. पण या दोघी पौलाच्या चाळणीतून गळल्या नाहीत, माझ्या चहातून गळल्या. एकीला मूलबाळ नाही. दुसरीचा मुलगा आहे, पण त्याचाच संसार फाटका आहे.

मास्तर, यादी मी आणि खजिनदार करतो. दोघेही साडेनऊच्या उपासनेला बसतो. मी मराठी असूनही, कारण आठला घंटा वाजवतो, अर्पणाची पेटी उघडतो आणि दाराशीच उभा राहतो. तुम्ही विचारेपर्यंत हे लक्षात आलं नव्हतं.

खानापूरचा_जंगली

आम्ही कॅथलिक, घरी कोकणी. आमच्या भागात कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चारही मिस्सा निघतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२–६५) लोकभाषेची वाट मोकळी करण्याआधी सगळं लॅटिन होतं. आजी सांगायची, कोणालाच काही कळायचं नाही, त्यामुळे भांडणही नव्हतं.

आमच्याकडचं भांडण पहिल्या बाकाचं. सणाच्या दिवशी गाडीतून येणाऱ्याला पुढे जागा, पायी आलेला मागच्या खांबाशी. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांचा जसा आहे, हुबेहूब तसंच. फादरांनी त्या भागावर प्रवचन केलं. पुढच्या सणाला बाकावरच्या नावाच्या चिठ्ठ्या गेल्या आणि रुमाल आले. वचन लागू करणं म्हणतात ते असं!

वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, हुक्केरी तालुक्यातला. आमच्या भजनी मंडळात कन्नड बोलणारे अभंग म्हणतात, अर्थ विचारला तर हसतात. पण पंगतीत कोण राहिलं ते बघायला एक माणूस हातात काठी घेऊन उभा असतो. 'कीर्तन'च्या किश्श्याला मनापासून दाद. मावशींना सांगा, एकदा आमच्याकडे या.

शिब्बोलेथ

टोपणनावाप्रमाणे अवांतर. शास्ते १२. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाला 'श' जमायचा नाही, 'सिब्बोलेथ' म्हणाला की कापला. बेचाळीस हजार गेले. दोघेही इस्राएलच. पेत्रालाही अंगणात त्याच्या गालीली बोलीवरूनच ओळखलं होतं (मत्तय २६:७३). आपल्या भागात बसमध्ये 'यल्लिगे?' (कुठे जायचं?) असं कन्नडमध्ये विचारल्यावर 'कॅम्प' म्हणावं की 'कॅम्पिगे', हा प्रश्न माझ्या पोटात अजून गोळा आणतो.

नहेम्याचा_भिंतवाला

मुलीनं बरोबर पकडलं मला. ८ वा अध्याय मान्य. केस उपटण्याचं मागे घेतो, माझे स्वतःचेच उरले नाहीत.

पण एक विचारतो. घंटेवाल्यांनी ही गोष्ट वर नेऊ नये का? बिशपांकडे अर्ज, नाहीतर सरळ धर्मादाय खटला. मराठी लोकांना असंच दाबलं जातं.

हिशेबनीस

खटला? १ करिंथ ६. भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही अविश्वासी लोकांपुढे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं पौल विचारतो. आपल्या चर्चांच्या जमिनींचे खटले बघून लोक आधीच हसतात.

निवृत्त_मास्तर

हिशेबनीस, वचन बरोबर आहे, पण ते नेहमी खालच्याला ऐकवलं जातं. पाचशे रुपयांना मुकलेल्या बाईला 'सोस' म्हणणं फार सोपं आहे. त्याच अध्यायात पौल त्याआधी मंडळीलाच लाज वाटावी म्हणून विचारतो, की भावांमधला निवाडा करायला तुमच्यात एकही शहाणा नाही का? ती जबाबदारी पार पाडा, मग सोसायला सांगा.

आणि इथे वर न्यायला काय आहे? मत्तय १८ मधली, भावाभावांतला वाद मिटवायची पहिली पायरी तर अजून झालेली नाही. ती एकांतातली आहे. घंटेवाले, चूक तुमची. त्या दोघींकडे तुम्ही गेलात का?

घंटेवाला

नाही. उद्या जातो.

कॅम्पातली_आक्का

एकटे जाऊ नका, बायको किंवा महिला मंडळातल्या कोणाला घेऊन जा. नाहीतर मावशी चहा ठेवतील, 'राहू दे रे बाबा' म्हणतील आणि तुम्ही हलके होऊन परत याल. झेरॉक्स तुम्हीच काढून आणा. दुकानापर्यंतची चढण त्यांना झेपते का हे कमिटीला कधी सुचलं?

घंटेवाला

चार दिवसांनी लिहितोय. गेलो होतो, पत्नीही होती.

मावशींनी चहा ठेवलाच. मी माफी मागितली तर त्यांनी विषय बदलला, भिंतीच्या ओलीचा काढला. मग पत्नीनं पासबुक मागितलं. पत्र्याच्या ट्रंकेतून आलं, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात नवऱ्याचा जुना फोटोही. बँकेचं विलीनीकरण झालंय, पासबुक जुन्याच नावाचं. म्हणजे नोटीस मराठीत वाचली असती तरी गुरुवारपर्यंत त्यांचं काम झालंच नसतं. बँकेत दोन फेऱ्या झाल्या. काउंटरवर फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. पत्नीनं भरला, मावशींनी सही केली, मराठीत, पूर्ण नावाची. क्लार्कनं ती फिरवून फिरवून बघितली. दुसऱ्या आजींचे कागद सरळ होते, त्या दिवशीच झाले. दोघींचे थकलेले महिने पुढच्या हप्त्यात जोडायचे, असं खजिनदारांनी कबूल केलंय.

निघताना मावशी म्हणाल्या, "संयुक्त करा की. माझं काय म्हणणं न्हाई. तेवढं कितवं ते फळ्यावर लिवा."

रविवारची कमिटी झाली. उपासनेचा निर्णय पुन्हा पुढे गेला, हंगामाच्या सणानंतर बघू. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. फंडाची यादी मात्र आता मराठी उपासनेतल्या दोघी बायका आणि कन्नडमधली एक अशा तिघींकडे. मी आणि खजिनदार फक्त पैसे भरणार. एक सभासद म्हणाले, बायकांना हिशेब जमेल का? त्यांच्या सौभाग्यवती मागेच बसल्या होत्या. तो मुद्दा तिथेच संपला.

दाराशी नोटिशीचा फळा लावलाय, मराठी आणि कन्नड दोन्हीत. टिळकवाडी_०२, तुमच्यासारखी एक कॉलेजची मुलगी आठला येऊन दोन आजींच्या मध्ये बसायला तयार झालीय. म्हणते, मी त्यांना पान काढून देते, त्यांनी मला जोडाक्षरं सांगायची.

निपाणीकर

दोन भाषांत फळा! वधस्तंभावरचा लेखही इब्री, लॅटिन, ग्रीक अशा तीन भाषांत होता. योहान १९:२०. शास्त्राधार मिळाला!

निवृत्त_मास्तर

तो पिलातानं लावला होता, निपाणीकर. आधार जरा बघून घ्या.

अर्धा_कानडी

:) घंटेवाले, एक सांगा. फळ्यावर तेवीसाव्याला काय लिहिलंत, 'कीर्तने' की 'स्तोत्र'?

घंटेवाला

दोन्ही. आकडा मोठा, खडूनं दोनदा गिरवून. कन्नड आकडाही काढला होता, तो साहेबांनी येऊन दुरुस्त केला. माझा तीन उलटा झाला होता.